पान तीनशे अठरा

बाईंना सगळी संस्था कंट्रोलबाई म्हणायची, आणि मागून नव्हे, तोंडावर. औषधाचा प्रयोग करताना एका गटाला औषध देतात आणि अगदी तशाच दुसऱ्या गटाला देत नाहीत. त्या दुसऱ्या गटाला कंट्रोल म्हणतात. तो नसेल तर औषधानं गुण आला की आपोआप आला, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. कुणीही काहीही नवल सांगायला तोंड उघडलं की बाई चष्म्यावरून बघत आणि विचारत, "आणि कंट्रोल कुठाय?" बास. समोरच्याच्या फुग्यातली हवा गेलीच म्हणून समजा.

घरीही तेच. नवऱ्यानं एकदा हौसेनं नवी उशी आणली आणि चार दिवसांनी जाहीर केलं, की मान दुखायची थांबली.

"अहो, पण उशी बदलली नसती तरी थांबली असती का, ते कुठं पाहिलंत?"

"आता त्यासाठी दुसरी मान आणू का?" नवरा म्हणाला.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांना "हे नीट दिसतं की ते?" असं विचारणारा माणूस. त्यामुळे दोघांचं बरं जमायचं.

बाईंची प्रयोगशाळा दवाखान्याच्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, कॉरिडॉरच्या टोकाला. दोन खोल्या. एकीत टेबलं, नळ्या, सूक्ष्मदर्शक. दुसरीत नमुन्यांचा मोठा फ्रीज, ज्याचं दार कमरेनं धक्का दिल्याशिवाय लागत नसे. काम मुलांच्या किडनीचं. काही मुलांच्या किडनीतून प्रोटीन लघवीवाटे वाहून जातं, चेहरा सुजतो, पाय सुजतात. ते का वाहतं आणि कसं थांबेल, यात बाईंचा जन्म गेला. त्यावर त्यांनी चौतीस पेपर लिहिले. आता चौतीस म्हणजे फार नव्हेत. शेजारच्या विभागातला एकजण वर्षाला चौतीस काढतो, पण त्याचं वाचून झाल्यावर आपण काय वाचलं हे सांगता येत नाही, ते सोडा.

तर या धंद्यात नुसतं लिहून भागत नाही. दुसऱ्या कुणी आपल्या लेखात तुमच्या लेखाचा आधार घेतला, खाली त्याचा संदर्भ दिला, की तुमच्या नावावर एक आकडा चढतो. जितके आकडे, तितके तुम्ही मोठे. बाईंच्या बहुतेक पेपरांना पाच, नाहीतर दहा. एका पेपराला मात्र दोनशेच्या वर. कसे कोण जाणे. जुना पेपर होता, एका पांढऱ्या कडू पुडीवरचा. ही पूड दिली की प्रोटीन वाहायचं थांबतं असा तेव्हा बोलबाला होता. बाईंनी दोन गट करून, नीट कंट्रोल ठेवून, दाखवलं होतं की काही थांबत नाही. उलट मुलं ओकतात आणि जेवण कमी होतं. बाईंना वाटे, झालं, लोकांना पटलं, म्हणून आधार घेतात. चांगलंच आहे.

या आकड्याचा खरा नाद होता तो बाईंच्या नणंदेला. वन्सं नोकरीतून निवृत्त झालेल्या, दुकानाच्या मागच्याच गल्लीत राहायच्या. रोज सकाळी त्या फोनवर वहिनीचा आकडा बघत. "दोनशे अकरा झाले गं! काल दोनशे दहा होते." पेपरात काय आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि विचारायची गरजही वाटली नव्हती. पण शेजारीपाजारी, भाजीवाली, न्हावी, सगळ्यांना आकडा माहीत होता.

आणि त्या वर्षी आकड्याला खरंच भाव आला. बाईंचं नाव प्राध्यापक पदासाठी निघालं. समितीपुढं जायची ही शेवटची खेप. पुढच्या वर्षी वयात बसत नव्हत्या. पद मिळालं तर दोन्ही खोल्या राहणार, हाताखाली आणखी एक माणूस मिळणार. नाही मिळालं तर फ्रीजची खोली शेजारच्या चौतीसवाल्याकडे. बाईंना ते पद हवं होतं. खोटं कशाला बोला? पंचवीस वर्षं मान मोडून काम केल्यावर माणसाला वाटतंच, की दारावरची पाटी एकदा बदलावी.

समितीच्या कागदांत एक रकाना होता: आपल्या पाच मोठ्या पेपरांचा इतरांनी काय उपयोग केला, ते चार ओळींत लिहा. सगळे जण तिथं लिहितात, "या कामाची जगभर दखल घेतली गेली," आणि पुढं जातात. संचालकांनीही तेच सुचवलं. पण बाई कंट्रोलबाई ना! काय दखल घेतली हे बघितल्याशिवाय कसं लिहायचं? रविवारी दुकान बंद असतं. त्या लॅपटॉप घेऊन दुकानातल्या काउंटरवर बसल्या, मागं भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता, आणि आपला आधार घेणारे पेपर एकेक उघडून वाचायला लागल्या. नवरा काचा पुसत होता. वन्सं स्टुलावर बसून बिस्किट खात होत्या.

पहिल्याच पेपरात लिहिलं होतं: ही पूड मुलांना गुणकारी आहे, असं सिद्ध झालेलं आहे. आधार? बाईंचा पेपर.

"गाढव आहे," बाई म्हणाल्या.

"कोण गं?" वन्संनी विचारलं.

"आहे एक." बाईंनी दुसरा उघडला. तिथंही पूड गुणकारी. तिसरा. चौथा. बाईंचा हात थांबला, मग भराभर चालायला लागला. दुपार कलली तरी त्या वाचतच होत्या. अधूनमधून एखादा शहाणा सापडे, ज्यानं बरोबर लिहिलं होतं. बाकी सगळे, अहो सगळे, बाईंच्या नावानं बरोब्बर उलटं सांगत होते!

असं झालं कसं? बाईंनी डोक्याला हात लावून विचार केला आणि पेपरची पानं बघितली. त्यांचा पेपर ज्या जर्नलमध्ये, म्हणजे शोधनिबंधांच्या नियतकालिकात, छापून आला, तिथं तो तीनशे अठरा पानावर होता. ही मंडळी मात्र लिहीत होती, पान तीनशे एक्क्याऐंशी. प्रत्येकजण. बाईंनी जर्नलचा तो जुना अंक काढून तीनशे एक्क्याऐंशी पान उघडलं. तिथं सशाच्या कानावरचा लेख होता.

म्हणजे पाहा. पंधरा वर्षं दीडशे-दोनशे विद्वान सशाच्या कानाकडे बोट दाखवून मुलांच्या किडनीबद्दल बोलत होते, आणि एकाचीही सशाशी गाठ पडली नव्हती. शाळेत पुढच्या बाकावरच्याचं बघून उत्तर लिहिणारी पोरं त्याची चूकसुद्धा उतरवतात, तशातली गत. कारण पेपर उघडायला पैसे पडायचे. फुकटात दिसायची ती सुरुवातीची ओळ: "ही पूड प्रोटीन वाहून जाणं थांबवते, असं मानलं जातं." आणि तिथंच पडदा. 'पण आम्हाला तसं आढळलं नाही' हे पडद्याआड. मागं मागं जात बाई या साखळीच्या पहिल्या कडीपर्यंत पोचल्या. तो एक भला मोठा आढावा-लेख होता, या विषयातल्या सर्वांत थोर माणसाचा. सगळे त्यांना थोरलेच म्हणत. सशाच्या कानाचं पान प्रथम छापलं ते थोरल्यांनी. आणि थोरल्यांनी लिहिलंय म्हटल्यावर तपासतंय कोण? मेंढरामागं मेंढरू.

आणखी एक गोष्ट. बाईंच्या समितीवर बाहेरून येणारे तज्ज्ञ हेच थोरले होते.

बाईंनी वन्संना सगळं समजावून सांगितलं. वन्संनी बिस्किट खाली ठेवलं. "पण आकडा तुझाच ना?"

"आकडा माझाच."

"मग बिघडलं काय?" असं म्हणाल्या खऱ्या, पण वन्सं काही मूर्ख बाई नव्हेत. जरा वेळानं त्यांचा चेहरा बदलला. "म्हणजे वहिनी, हे सगळे तुझं नाव घेऊन खोटं बोलतायत?"

"खोटं नाही वन्सं. न वाचता बोलतायत."

"एकूण एकच की मेलं!"

सोमवारी बाई वर गेल्याच नाहीत. तळमजल्यावर मुलांचा वॉर्ड. इतकी वर्षं वॉर्डातून नमुने वर यायचे, बाई खाली उतरायच्या नाहीत. खिडकीजवळच्या खाटेवर पाच-सहा वर्षांची एक मुलगी बसली होती, पापण्या सुजून डोळे नुसत्या फटी झालेले. तिची आई हातात कप धरून विनवत होती, "एवढंच घे गं राणी, मग दूध देते." मुलीनं तोंड घट्ट मिटलं होतं. शेवटी घोट गेला, आणि लगेच सगळा पुढ्यातल्या भांड्यात परत आला. सकाळचं दूधही त्याच्याबरोबर आलं.

"काय देताय तिला?" बाईंनी वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. ती तरुण पोर, झोप न झालेली, पण चेहरा खुलला तिचा. "मॅडम, तुम्ही खाली? अहो, ती पूड! तुमच्याच पेपरवरून देतोय की आम्ही!"

बाई शेजारच्या स्टुलावर बसल्या.

डॉक्टरणीनं टेबलावरची मार्गदर्शक पुस्तिका आणून दाखवली. देशभरच्या वॉर्डांत तीच चालायची. त्यात पूड होती, आणि खाली बारीक अक्षरांत बाईंचं नाव होतं. पान तीनशे एक्क्याऐंशी.

बाई जिना चढून वर गेल्या, कपाटातून आपला पेपर काढला आणि पुन्हा खाली आल्या. डॉक्टरणीनं तो उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला. मग हळूच म्हणाली, "मी यावर परीक्षा दिली होती मॅडम. पूड गुणकारी असं लिहून मार्क मिळालेत मला." तिनं आपल्या वरिष्ठांना गाठलं आणि त्या मुलीची पूड त्याच दिवशी थांबवली. "पण बाकीच्या दवाखान्यांचं काय? तिथं पुस्तिकेत आहे तोवर देणारच. कुठंतरी छापून आलं पाहिजे."

छापून आणायचं म्हणजे जर्नलला टिपण पाठवायचं. अर्ध्या पानाचं काम. बाईंनी ते संध्याकाळपर्यंत लिहूनही काढलं आणि संचालकांना दाखवलं. संचालक भला माणूस. त्यांनी दार लावून घेतलं.

"बाई, एक सांगू? दोन महिने थांबा. समिती उरकू द्या. तुमच्या कागदात दाखवण्यासारखा आकडा हा एकच. तो फसवा आहे असं तुम्हीच छापलंत तर आम्ही काय दाखवायचं? आणि थोरले समोर बसणार! आपल्याच पायावर कशाला धोंडा मारून घेता? पंधरा वर्षं चाललंय, आणखी दोन महिन्यांनी काय होतंय?"

बोलणं खोटं नव्हतं. बाईंनी टिपण पर्समध्ये ठेवलं आणि घरी आल्या. मंगळवारी पाठवलं नाही. बुधवारी पाठवलं नाही. आता तुम्ही म्हणाल, एवढी कडक बाई आणि डगमगली? डगमगली तर! हातातोंडाशी आलेला घास होता, आणि तो लाटायचाही नव्हता. नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसणं काय, कुणालाही जमतं. पण जेवताना त्यांचा घास तोंडात फिरायचा, आणि नवऱ्यानं मीठ मागितलं तर त्या पाणी द्यायच्या.

"पूड खाल्ल्यासारखा चेहरा करून जेवू नकोस," गुरुवारी नवरा म्हणाला. "तू ते पाठवणार आहेस. मला माहितीये, तुलाही माहितीये. मग मला का छळतेस? पाठव एकदाचं आणि मीठ दे."

"आणि पद?"

"पाटीवर काहीही लिहिलं तरी फ्रीजचं दार तू कमरेनंच लावणार ना?"

बाईंनी आधी मीठ दिलं, मग टिपण पाठवलं. त्यात त्यांनी थोरल्यांचं नाव घातलं नाही. चूक कुठून सुरू झाली यापेक्षा ती कुठं थांबावी हे महत्त्वाचं, असं त्यांना वाटलं. फक्त लिहिलं, की पेपर तीनशे अठरा पानावर आहे, पूड उपयोगाची नाही, कृपा करून उघडून वाचा.

समितीच्या दिवशी लांबलचक टेबलाच्या पलीकडं पाचजण बसले होते. मधोमध थोरले. पांढरे केस, कानात ऐकायचं यंत्र, पुढ्यात बाईंची फाइल. टिपण आठवड्यापूर्वीच छापून आलं होतं, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं. एकानं घसा साफ केला. "आपल्या सर्वांत गाजलेल्या पेपराचा परिणाम काय झाला, सांगाल?"

"मुलं ओकली," बाई म्हणाल्या.

मग बाईंनी सगळं शांतपणे सांगितलं. सशाचा कानही सांगितला. एकाला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. थोरले खाली फाइलीकडे बघत होते. बाईंचं सांगून झाल्यावर त्यांनी मान वर केली आणि एवढंच विचारलं, "पान कुठलं म्हणालात?"

"तीनशे अठरा."

थोरल्यांनी खिशातून पेन काढून ते लिहून घेतलं.

पद मिळालं नाही. संचालकांनी स्वतः वर येऊन सांगितलं. आकडा मोठा आहे, पण त्याला अर्थ नाही असं उमेदवारानंच म्हटल्यामुळं समितीचा इलाज खुंटला, असा काहीतरी निर्णय होता. बाई "बरं" म्हणाल्या, फ्रीजच्या खोलीत गेल्या, दार लावून घेतलं आणि रडल्या. चांगल्या पोटभर रडल्या. वाईट वाटलं होतं, तर रडायचं नाही का? मग तोंड धुऊन आल्या आणि नळ्या लावायला बसल्या. नमुने वाट बघत नाहीत.

महिन्याभरानं फ्रीज पहिल्या खोलीत आला आणि दुसरी खोली चौतीसवाल्यानं घेतली. बाईंनी आठवडाभर आदळआपट केली. मग त्यांच्या लक्षात आलं, की आता खुर्चीवरून न उठता नुसता पाय लांब करून फ्रीजचं दार लावता येतं. पंचवीस वर्षांत हे कसं सुचलं नाही! काम पूर्वीसारखंच सुरू झालं. एक बदल झाला: बाई रोज सकाळी वर जाण्याआधी वॉर्डातून एक चक्कर मारायला लागल्या. खिडकीजवळच्या मुलीची सूज दुसऱ्या औषधानं उतरली होती आणि तिचे डोळे बरेच मोठे आहेत हे सगळ्यांना कळलं होतं. घरी जाताना ती बाईंना "टाटा, पूडवाल्या आजी" म्हणाली. बाईंनी त्यावर हरकत घेतली, पण ऐकतंय कोण.

वन्संचं मात्र दुःख सरेना. टिपणाचा आकडा शून्य. रोज सकाळी शून्य. आणि मोठ्या पेपराचा चढणारा आकडाही आहे तिथंच थबकला होता. "लोकांनी नाव घेणंच टाकलं गं तुझं," त्या दर रविवारी दुकानात येऊन सांगत. बाई म्हणत, "नको त्यासाठी नाव घेण्यापेक्षा बरं." पण आतून त्यांनाही वाटे, की अर्धं पान हवेत विरून गेलं. कुणी वाचलं असेल का? की इथल्या एका वॉर्डापुरताच सगळा खटाटोप?

वर्ष होत आलं. एका शनिवारी वॉर्डातली डॉक्टरीण तीन मजले धावत वर आली. तिला दम लागला होता, बोलता येईना. तिनं हातातलं पुस्तक बाईंच्या पुढ्यात, नळ्यांच्या शेजारीच, आपटलं. नवी मार्गदर्शक पुस्तिका. देशभरच्या वॉर्डांसाठी. पूड काढून टाकली होती. "देऊ नये," असं स्पष्ट लिहिलं होतं, आणि खाली बारीक अक्षरांत बाईंचं नाव. पुस्तिका करणाऱ्यांत पहिलं नाव थोरल्यांचं होतं.

बाईंनी ना स्वतःचं नाव पाहिलं ना थोरल्यांचं. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, पुस्तक नाकाशी धरलं आणि ओळीच्या शेवटी बघितलं. मग पुस्तक मिटून पर्समध्ये घातलं. "हे मी आज घरी नेते," त्या म्हणाल्या.

रविवारी दुकानात वन्सं आल्या, स्टुलावर बसल्या, सवयीनं फोन काढला. "शून्यच आहे बाई आज पण."

"फोन ठेवा तो. हे वाचा." बाईंनी पुस्तिका उघडून काउंटरवर ठेवली.

अक्षरं फारच बारीक. नवऱ्यानं ड्रॉवरमधून भिंग काढून बहिणीच्या हातात दिलं. इतक्या वर्षांत वन्संनी वहिनीच्या पेपरबद्दल आकड्यापलीकडं एक ओळ वाचली नव्हती. आता त्या बोट ठेवून, ओठ हलवत, एकेक शब्द वाचत गेल्या. देऊ नये. मुलांना उलट्या होतात. उपयोग नाही. मग नाव. मग जर्नल, वर्ष. बोट ओळीच्या टोकाला येऊन थांबलं.

"पान तीनशे अठरा," त्यांनी मोठ्यानं वाचलं आणि भिंग खाली घेतलं. "वहिनी, हे बरोबर आहे ना गं?"

"बरोबर आहे वन्सं," बाई म्हणाल्या. "वाचला त्यांनी."